भावी पिढ्यांचा समुद्र : सामाईक वारशाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची मालवण किनाऱ्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

मालवण बंदरासमोरील कुरटे बेटावर इ. स. १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी झाली तो सिंधुदुर्ग किल्ला ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेचा एक घटक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. १९७२ च्या जागतिक वारसा कराराच्या चौथ्या कलमानुसार असा वारसा जतन करून तो भावी पिढ्यांच्या स्वाधीन करणे हे संबंधित राज्याचे कर्तव्य ठरते. किल्ल्याच्या तटाला भिडणारे पाणी व पाण्याखालचे खडक हे १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, भारताचा क्षेत्रीय समुद्र पसरतो. तेथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. त्याच्याही पलीकडे खुला समुद्र आणि ज्याला सागरी कायदा करार ‘मानवजातीचा सामाईक वारसा’ म्हणतो तो खोल सागरतळ लागतो. म्हणजे एकाच किल्ल्याच्या तटावरून पश्चिमेकडे पाहिले असता पाच निरनिराळ्या कायदेशीर व्यवस्था एकामागोमाग एक येतात. पाणी, मासे आणि प्रवाह मात्र या सीमा ओळखत नाहीत.

या पाचही व्यवस्थांत भावी पिढ्यांचे हित कोठे, कोणाच्या नावाने व किती बळाने मांडले गेले आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. भावी पिढ्यांच्या हक्काचा आंतरराष्ट्रीय कायद्यातील उच्चार मनुष्यवस्तीपासून दूरच्या अवकाशांत सर्वांत स्पष्ट आहे. जेथे माणसे त्या समुद्रावर जगतात तेथे तो क्षीण होतो, किंवा वर्तमान पिढीला वगळून प्रकट होतो. हा दोष संकल्पनेच्या घडणीतच आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संकल्पनेची घडण

समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, हा विचार आधुनिक आंतरराष्ट्रीय कायद्यात डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मारे लिबेरम’ या ग्रंथाने रूढ केला. या ग्रंथामागे पूर्वेकडील व्यापारावरील पोर्तुगीजांच्या मक्तेदारीचा वाद होता. पोर्तुगीज परवान्याशिवाय जहाज हाकारणे ज्यांना धोक्याचे होते त्यांत कोकण किनाऱ्यावरील व्यापारीही होते. त्यामुळे ग्रोशियसचा युक्तिवाद या किनाऱ्याला परका नाही. मात्र त्याचे एक गृहीत आज टिकत नाही. समुद्र वापरल्याने संपत नाही, म्हणून त्यावर स्वामित्व सांगण्याचे कारण नाही, असे त्याने मानले होते. ज्या वस्तूचा अंत नाही तिच्या बाबतीत पुढील पिढीचा प्रश्नच उद्भवत नाही. समुद्रस्वातंत्र्याच्या तत्त्वात भावी पिढ्यांना स्थान नव्हते, त्याचे मूळ येथे आहे.

हे गृहीत विसाव्या शतकात ढासळले. १९४६ च्या देवमासे शिकार नियमन कराराच्या उद्देशिकेत देवमाशांची संपत्ती भावी पिढ्यांसाठी सुरक्षित राखण्याचा उल्लेख आला. १९७२ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याच्या पहिल्याच तत्त्वाने वर्तमान व भावी पिढ्यांसाठी पर्यावरणाचे रक्षण ही मानवाची जबाबदारी मानली. दरम्यान १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या समितीपुढे खोल सागरतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, अशी मांडणी केली. १९७० मध्ये आमसभेने तसा ठराव केला. १९७९ च्या चंद्रकरारात आणि १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या १३६ व्या कलमात हे तत्त्व बंधनकारक शब्दांत आले. भारताने सागरी कायदा करारास २९ जून १९९५ रोजी अनुसमर्थन दिले.

‘वारसा’ या शब्दात काळाचा अर्थ अंगभूत आहे. पूर्वजांकडून आलेले व वंशजांकडे जायचे ते वारसा. तरीही कराराच्या अकराव्या भागाची तपासणी केली असता काळापेक्षा अवकाशाचा, म्हणजे आजच्या राष्ट्राराष्ट्रांतील वाटणीचा, विचार त्यात प्रभावी दिसतो. खाणकामाचा लाभ कोणास मिळावा, विकसनशील देशांस तंत्रज्ञान कसे द्यावे, प्राधिकरणाच्या परिषदेत कोणत्या गटास किती जागा असाव्यात, यांवर तपशीलवार तरतुदी आहेत. सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी १४५ वे कलम आहे खरे. परंतु अजून न जन्मलेल्यांच्या वतीने बोलणारा कोणी तेथे नेमलेला नाही. १९९४ च्या अंमलबजावणी कराराने तंत्रज्ञान हस्तांतराची सक्ती काढून टाकली, तेव्हा वाटणीची बाजूही दुबळी झाली. ‘मानवजात’ हा शब्द अशा रीतीने व्यवहारात ‘आज अस्तित्वात असलेल्या राज्यांचा समूह’ एवढ्या अर्थापर्यंत आकसला.

ही उणीव भरून काढण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न एडिथ ब्राउन वाइस यांनी १९८९ मधील ग्रंथात केला. प्रत्येक पिढी ही पृथ्वीची एकाच वेळी विश्वस्त आणि लाभार्थी असते, अशी त्यांची भूमिका आहे. यातून त्या तीन कर्तव्ये सांगतात : पर्यायांचे जतन, गुणवत्तेचे जतन आणि उपलब्धतेचे जतन. येथे ‘लाभार्थी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला स्वतःला लाभ मिळत नाही त्याने दुसऱ्यासाठी राखण करावी, अशी अपेक्षा या मांडणीत नाही. मालवणचा अनुभव याच मुद्द्यावर बोलका ठरतो.

१९८७ : तीन घटना

१९८७ या एका वर्षातील तीन घटना शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. त्या वर्षी ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाध न आणणारा विकास ही शाश्वत विकासाची व्याख्या जगन्मान्य झाली. १३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवण सागरी अभयारण्य अधिसूचित केले. १७ ऑगस्ट १९८७ रोजी मध्य हिंदी महासागराच्या तळावरील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून भारताची नोंदणी झाली. अशी नोंदणी मिळवणारा भारत हा पहिला देश होता. या नोंदणीमागे मालवणपासून फार दूर नसलेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधन होते. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी सागरतळावरील बहुधात्विक गोटे प्रथम वर काढले होते.

भारताचे राज्य अशा रीतीने एकाच वर्षी दोन भूमिकांत दिसते. दूरच्या सागरतळावर ते सामाईक वारशातील आपला वाटा नोंदवत होते, तर मालवणच्या किनारी २९.१२२ चौरस किलोमीटर समुद्राला संरक्षणाचे कुंपण घालत होते. वाटा नोंदवण्यासाठी ‘मानवजात’ आणि कुंपण घालण्यासाठी ‘भावी पिढ्या’, असे हे शब्द वाटून घेतले गेले. दोन्ही ठिकाणी त्या समुद्रावर जगणाऱ्याला विचारण्याची तरतूद नव्हती. सागरतळाच्या बाबतीत असा कोणी नव्हता, म्हणून ते खपून गेले. मालवणात मात्र गाबीत व इतर मच्छीमारांची वस्ती होती.

मालवण अभयारण्य : संरक्षणाची मर्यादा

अभयारण्याच्या क्षेत्रापैकी ३.१८२ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड बेट व आसपासचे पाण्याखालील खडक येतात. उरलेले २५.९४ चौरस किलोमीटर संरक्षक पट्ट्याचे आहे. प्रवाळ, समुद्रशैवाल, मृदुकाय प्राणी आणि खडकांच्या आडोशाने वाढणारी माशांची पिल्ले यांमुळे हे क्षेत्र संरक्षणास पात्र होते, याविषयी वाद नाही. वाद होता तो साधनाविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा मुळात जंगल डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा आहे. जंगलात सीमा आखता येते, पाऊलवाट बंद करता येते. समुद्रात होडीची वाट, वाऱ्याची दिशा आणि माशांचा हंगाम यांवर माणसाचे येणेजाणे ठरते. अभयारण्याचे पाणी हेच ज्यांच्या रोजच्या भाताबरोबरच्या कालवणाचे आणि बाजारातील विक्रीचे साधन होते, त्या मच्छीमारांनी सुरुवातीपासूनच अभयारण्यास विरोध केला. परिणामी दीर्घकाळ हे अभयारण्य कागदावर पूर्ण व पाण्यावर अपुरे राहिले.

विधिमंडळाच्या पातळीवर ही चूक लवकर लक्षात आली, हे नमूद केले पाहिजे. १९९१ च्या दुरुस्तीने अधिनियमात समाविष्ट झालेल्या २६-अ या कलमात क्षेत्रीय समुद्रात अभयारण्याच्या सीमा ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितांचे पुरेसे रक्षण करण्याची अट घालण्यात आली. मात्र मालवणची अधिसूचना त्यापूर्वी चार वर्षे निघालेली होती. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत घेतले व अशा क्षेत्रांचे व्यवस्थापन मच्छीमारांसह किनारी समाजांच्या सहभागाने व्हावे, असे म्हटले. म्हणजे एकाच पाण्यासाठी प्रथम वगळण्याचा आणि मग सहभागाचा, असे दोन कायदेशीर विचार आज एकत्र नांदत आहेत.

या किनाऱ्यावर सामाईक साधनाच्या वाटपाची स्वतःची रीत होती, याकडे १९८७ च्या अधिसूचनेने पाहिले नाही. रापण ही ती रीत होय. होडीने लांबलचक जाळे अर्धवर्तुळाकार टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे ओढणाऱ्यांत वाटे करायचे, अशी ही पद्धत आहे. किनाऱ्याजवळ येईल तेवढीच मासळी रापणीला मिळते. तिचा पाठलाग करण्याची शक्ती या जाळ्यात नाही. समुद्र पुढच्या हंगामासाठी राखण्याचा हेतू जरी तिच्या मुळाशी नसला, तरी परिणाम तसा होत असे. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे किनाऱ्यावर येण्यापूर्वीच वेढले जाऊ लागले, तेव्हा रापणकर आणि पर्ससीनधारक यांच्यात मालवण किनाऱ्यावर तीव्र संघर्ष उभा राहिला. डॉ. वि. स. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीनच्या परवान्यांची संख्या व हंगाम मर्यादित केले. मच्छीमारांनी स्वतः मागितलेले हे बंधन, त्यांच्यावर लादलेल्या अभयारण्यापेक्षा भावी पिढ्यांच्या हिताशी कमी संबंधित नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परिभाषेत मात्र त्याला ‘मत्स्यव्यवसाय नियमन’ एवढेच नाव मिळते.

आंग्रिया बँक : मधल्या समुद्राचा प्रश्न

विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा एक बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्याचा माथा समुद्राच्या पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर येत असल्याने तेथे सूर्यप्रकाश पोहोचतो व प्रवाळांची समृद्ध वसाहत आढळते. कायद्याच्या दृष्टीने हे स्थान अडचणीचे आहे. ते क्षेत्रीय समुद्राच्या बाहेर असल्यामुळे तेथे महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू होत नाही आणि अभयारण्याचे साधनही पोहोचत नाही. ते अनन्य आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे मानवजातीच्या सामाईक वारशातही मोडत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाच्या सातव्या कलमाखाली केंद्र शासनास असे क्षेत्र ‘निर्दिष्ट क्षेत्र’ म्हणून घोषित करून त्याचे सागरी पर्यावरण राखता येते. परंतु हा केंद्राचा स्वेच्छाधिकार आहे, कर्तव्य नव्हे.

सागरी कायदा कराराची भाषाही येथे बदलते. १९२ वे कलम सर्वच समुद्राच्या रक्षणाचे बंधन घालते आणि १९४ व्या कलमाचा पाचवा परिच्छेद दुर्मिळ व नाजूक परिसंस्थांचा उल्लेख करतो. तथापि अनन्य आर्थिक क्षेत्राची मुख्य कलमे किनारी राज्याच्या सार्वभौम हक्कांची आहेत आणि ६२ व्या कलमाचे ध्येय ‘इष्टतम वापर’ हे आहे. सागरतळाला ‘वारसा’ म्हणणारा करार आंग्रियाला ‘साधनसंपत्ती’ म्हणतो. दोन्ही ठिकाणचे प्रवाळ आणि मासे पुढच्या पिढीला सारखेच हवे असणार, हे या वर्गीकरणात हरवते. परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध सिंधुदुर्गातील मच्छीमार अनेक वर्षे तक्रार करीत आले, ती याच मधल्या समुद्रातून येणाऱ्या झळीमुळे. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, ही स्वागतार्ह बाब होय.

याउलट २०० मैलांच्या पलीकडे कायदा पुढे गेला आहे. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जैवविविधतेचा करार १९ जून २०२३ रोजी स्वीकृत झाला व १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली. त्याच्या उद्देशिकेत वर्तमान व भावी पिढ्यांच्या वतीने महासागराची विश्वस्त म्हणून काळजी घेण्याची इच्छा नोंदवलेली आहे आणि संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव तयार करताना स्थानिक समाजांशी विचारविनिमय अपेक्षिला आहे. म्हणजे जेथे कोणी राहत नाही तेथे स्थानिक समाजाचा उल्लेख आला आणि आंग्रियाच्या बाबतीत तसे आंतरराष्ट्रीय बंधन नाही. ही विसंगती सहज दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सीमा न मानणारी हानी

सामाईक अवकाशांचा विचार समुद्रापुरता राखता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवण अभयारण्यातील प्रवाळांचे विरंजन नोंदवले. पाण्याचे तापमान वाढले की प्रवाळातील सहजीवी शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. जागतिक तापमानवाढीमागील हरितगृह वायूंचा मोठा भाग दूरच्या देशांतून व गेलेल्या पिढ्यांच्या काळात वातावरणात गेला आहे. अभयारण्याची कोणतीही सीमा त्याला अडवू शकत नाही.

या संदर्भात आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने २१ मे २०२४ रोजी दिलेले सल्लामत महत्त्वाचे आहे. मानवनिर्मित हरितगृह वायू हे सागरी प्रदूषणाच्या व्याख्येत बसतात आणि त्यांना आवर घालणे हे राज्यांचे बंधन आहे, असे न्यायाधिकरणाने म्हटले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या २३ जुलै २०२५ च्या सल्लामतानेही हवामानविषयक कर्तव्यांना कायदेशीर अधिष्ठान दिले. ही मते तत्त्वतः मोलाची आहेत. मात्र ती मागणारी व ज्यांना उद्देशून आहेत ती राज्येच आहेत. प्रवाळ पांढरे पडल्याचे नुकसान ज्याच्या जाळ्यात दिसते, त्याला या मंचांवर थेट उभे राहता येत नाही.

एक आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. स्थानिक समाजावर विश्वास ठेवणे हे भाबडेपण आहे, कारण पर्ससीन व ट्रॉलर यांचे मालकही मच्छीमारच असतात आणि आजची निकड भावी पिढीच्या हितावर मात करते. उलट अंटार्क्टिकाचे उदाहरण पाहावे. १९५९ चा करार आणि १९९१ चा माद्रिद येथील पर्यावरण संरक्षण मसुदा यांनी तेथे खनिज उत्खननास मनाई केली आणि ती पाळली गेली. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती व आजही या संशोधनाचे केंद्र वास्को येथे आहे. सक्त मनाईने संरक्षण होते, याचा पुरावा कोकणाच्या दारातच आहे.

आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. परंतु अंटार्क्टिकात मनाई यशस्वी झाली, त्याचे एक कारण तेथे उपजीविका गमावणारा कोणी नव्हता हे आहे. तोच नियम वस्तीच्या किनाऱ्यावर आणला की त्याचा भार सर्वांत दुर्बळ घटकावर पडतो, आणि ज्याच्यावर अन्याय झाला असे त्याला वाटते तो त्या नियमाचा राखणदार होत नाही. स्थानिक समाजही चुकतो, म्हणून त्याला बंधने हवीत. मात्र ती त्याच्या सहभागाने घडलेली असावीत.

असा विचार मराठी राज्यव्यवहाराला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड आणण्याविषयी सूचना आहेत. आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यांचा आशय आहे. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असेही सांगितले आहे. झाडाचे रक्षण व झाड वाढवणाऱ्याचा मान येथे एकाच नियमात आले आहेत.

आधुनिक न्यायव्यवहारातही याला आधार आहे. १९९३ मध्ये फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ओपोसा खटल्यात मुलांना स्वतःच्या व पुढील पिढ्यांच्या वतीने दाद मागू दिली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कमलनाथ प्रकरणात समुद्रकिनाऱ्यासह नैसर्गिक साधनांचे राज्य हे केवळ विश्वस्त आहे, हा सार्वजनिक न्यासाचा सिद्धांत स्वीकारला. २०१४ च्या गोवा खाण प्रकरणात लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम आंतरपिढी न्यायासाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश झाला. सिंधुदुर्गाच्या शेजारील जिल्ह्यांत भावी पिढ्यांच्या नावाने अशा रीतीने खाते तरी उघडले गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, सामाईक वारशाच्या तत्त्वातील काळाची बाजू अवकाशाच्या बाजूखाली दबली असून भावी पिढ्यांच्या वतीने बोलणारी व्यक्ती वा संस्था त्या व्यवस्थेत नाही. दुसरा, या तत्त्वाचे बळ किनाऱ्यापासूनच्या अंतरानुसार बदलते आणि आंग्रियासारखी स्थळे राष्ट्रीय व जागतिक व्यवस्थांच्या मध्ये निराधार राहतात. १९७६ च्या अधिनियमाखाली आंग्रिया निर्दिष्ट क्षेत्र घोषित होणे, ही त्यावरील उपलब्ध आणि तातडीची तरतूद आहे. तिसरा, मालवण अभयारण्याचा अनुभव सांगतो की वर्तमान पिढीला लाभार्थी न मानता तिला विश्वस्त होण्यास सांगणे निष्फळ ठरते. १९९१ च्या दुरुस्तीतील अट व २०११ च्या अधिसूचनेतील सहभाग यांच्या प्रकाशात १९८७ च्या अधिसूचनेचा फेरविचार व्हावा आणि रापणीसारख्या पद्धतींना संरक्षणाचे साधन म्हणून मान्यता मिळावी.

अजून न जन्मलेला मनुष्य स्वतःचा दावा दाखल करू शकत नाही. तो कोणीतरी जिवंत माणसानेच चालवावा लागतो. सिंधुदुर्गाच्या तटासाठी तो दावा आता राज्याने जगापुढे स्वीकारला आहे. तटाबाहेरच्या पाण्यासाठी तो चालवण्याचा पहिला अधिकार त्या पाण्यावर रोज होडी घालणाऱ्याचा आहे, हे मान्य केल्याशिवाय वारशाचा कायदा किनाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.